टायरगाडीचा बैल आणि टनाचा दर : एक प्रकरण अभ्यास

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मराठवाड्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात एक पत्र आले. पत्र पशुवैद्यकीय दवाखान्यातून होते. कारखान्याच्या गाडीतळावर उभ्या असलेल्या काही बैलांच्या खांद्यांना जखमा आहेत, अशा जनावरांना कामाला जुंपू नये, निदान पंधरा दिवस विश्रांती द्यावी, एवढाच त्यातला मजकूर. मुख्य शेतकी अधिकाऱ्याला त्यावर शेरा मारून कागद पुढे पाठवायचा होता. कारखाना त्या आठवड्यात पूर्ण क्षमतेने चालला होता आणि उसाची टंचाई कधीही जाणवेल अशी स्थिती होती.

तो शेरा काय असावा, या प्रश्नाभोवती हे प्रकरण मांडले आहे. कृषी व्यवसाय आणि सहकार व्यवस्थापन शिकणाऱ्यांनी ते वर्गात चर्चेला घ्यावे, हा हेतू. गाडी सेंटरवर, म्हणजे बैलगाडीने ऊस आणणाऱ्यांच्या कामात, जे सर्रास घडते त्यावरून कारखाना, गाडीवान, मुकादम ही पात्रे बांधली आहेत. प्रकरणातले हिशेबाचे आकडे चर्चेसाठी धरलेले आहेत. कायद्यातली कलमे, सरकारी दर आणि करार मात्र जसेच्या तसे आहेत.

गाडी कारखान्याची, बैल गाडीवानाचे

गाडीवान धारूर तालुक्यातला, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातला. घरी तीन एकर मुरमाड रान. दिवाळी उरकली की तो, बायको, धाकटा भाऊ आणि भावजय असे दोन कोयते (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता) मिळून कारखान्यावर येतात. मुलगा सोबत येतो, मुलगी गावी आजीपाशी राहते. मजूर आणणाऱ्या मुकादमाकडून दोन्ही कोयत्यांची मिळून अडीच लाख रुपये उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली. त्यातले एक लाख दहा हजार बैलजोडीत गेले. जोडी लाल कंधारी, दोन्ही बैल चौसे (चार दात आलेले), हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून आणलेले.

टायरगाडी कारखान्याच्या मालकीची. तिचे भाडे हंगामाच्या बिलातून कापले जाते. गाडीचा टायर फाटला तर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये तो बदलून मिळतो आणि नोंद वहीत होते. बैलाचा खांदा फुटला तर त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही, कारण बैल कारखान्याचा नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मेख इथेच आहे. या धंद्यात जे लोखंडाचे आहे ते कारखान्याकडे राहिले आणि जे दुखते, थकते, मरते ते सगळ्यांत कमी ऐपतीच्या माणसाकडे आले.

बैलाला नेमके काय होते ते नीट पाहू, कारण संचालक मंडळाच्या बैठकीत ‘जखमा’ एवढाच शब्द येतो आणि पुढच्या विषयाकडे जाता येते. दोन चाकांच्या गाडीत भार चाकांवर तोलून राहिला तर बैलाला फक्त ओढायचे काम उरते. मोळ्या पुढच्या बाजूला जास्त रचल्या गेल्या की गाडी धुरजड होते आणि जू मानेवर दाबत राहते. मागे जास्त झाल्या की उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि जोते गळ्याला काचते. उलाळ गाडी चढावर उलटायची भीती, म्हणून हा गाडीवान ती थोडी धुरजडच भरतो. फडातून पक्क्या रस्त्यापर्यंतचा तुकडा सगळ्यांत वाईट, पाण्याच्या पाळीने ओली झालेली जमीन आणि चाकोऱ्या. तिथे बैल हिसके देत ओढतो आणि प्रत्येक हिसक्याला लाकूड कातड्यावर घासते. उतारावर गाडीला ब्रेक नसतो, बैल मान आखडून सगळा भार मागे रेटून धरतो. पहाटेच्या दवाने आणि घामाने भिजलेले कातडे मऊ पडलेले असते. आधी वशिंडाच्या पुढे सूज येते, हात लावला तर चटका बसावा इतकी गरम. मग केस जातात, मग साल निघते, आणि माश्या बसू लागल्या की चार दिवसांत पू धरतो. त्यातच एक बैल दुसऱ्यापेक्षा चार बोटे ठेंगणा असेल तर जू तिरपे बसते आणि भार एकाच खांद्यावर येतो. या जोडीत डावा बैल ठेंगणा होता, आणि त्याचाच खांदा फुटला.

खाणेही फारसे बरे नसते. हंगामभर बैलांचे पोट उसाच्या वाढ्यांवर, म्हणजे हिरव्या शेंड्यांवर, चालते. वाढे फुकट मिळतात, पण त्यात ऑक्झलेट जास्त असते आणि ते शरीरातले कॅल्शियम बांधून ठेवते. पेंड किंवा सरकी घालायची तर रोख पैसे लागतात.

हाच गाडीवान पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतो. हळद आणि तूप चोळून बैलाचे खांदे शेकतो, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ असे म्हणून त्यांच्यापुढे हात जोडतो. जानेवारीत तोच माणूस फुटलेल्या खांद्यावर जू ठेवतो. त्याला निर्दय म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पशुवैद्यकाने पंधरा दिवस बैल जुंपू नको म्हणून सांगितले तेव्हा तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, औषध सांगाल ते लावतो. पंधरा दिवस तेवढं सांगू नका.”

पंधरा दिवसांची किंमत

ऊसतोडणीचा दर २०२४ च्या जानेवारीतल्या करारात ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला साधारण ३६६ रुपयांवर गेला. या गाडीची रोजची खेप ३.४ टनांची धरू. तोडणीचे रोजचे १,२४४ रुपये होतात. ते चार माणसांत वाटले तर माणशी ३११ रुपये. वाहतुकीचे पैसे अंतराप्रमाणे वेगळे मिळतात, पण त्यातून गाडीचे भाडे, मुकादमाचे कमिशन आणि बैलाची पत्री-नाल हे सगळे निघते, म्हणून इथे फक्त तोडणीचाच हिशेब धरतो.

बैल पंधरा दिवस बांधून ठेवला तर गाडी उभी राहते. गाडी उभी राहिली की तोडणीही थांबते, कारण तोडलेला ऊस फडात वाळत टाकता येत नाही. म्हणजे १८,६६० रुपये बुडाले. शिवाय मुकादम खाडा, म्हणजे गैरहजेरी, धरून दंड लावणार. आणि उचल तशीच डोक्यावर, हंगाम संपेपर्यंत फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे त्याच्या अटीवर यावे लागणार.

आता दुसरी बाजू. खांदा चिघळला आणि बैल कायमचा अधू झाला, तर ५५ हजारांच्या बैलाला उन्हाळ्यात ३० हजार येतील असे धरू. तोटा २५ हजारांचा, म्हणजे विश्रांतीच्या खर्चापेक्षा जास्त. नुसती बेरीज-वजाबाकी केली तर गाडीवानाने बैल बांधून ठेवायला हवा. पण २५ हजारांचा तोटा एप्रिलमध्ये होईल किंवा होणारही नाही. खाडा आजच पडतो. ज्याच्या घरात उद्याच्या पिठाची सोय आज करावी लागते त्याला एप्रिलचा तोटा परवडतो, आजचा खाडा परवडत नाही. पुस्तकात शिकवतात की मालक आपल्या मालमत्तेची काळजी घेतो. हे विधान खरे व्हायला मालकाच्या हातात थोडी उसंत असावी लागते. उचलीवर चालणारा मालक नावापुरता मालक असतो.

या हिशेबात २०१५ पासून आणखी एक गोष्ट बदलली आहे. महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्यातली १९९५ ची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर २०१५ साली अमलात आली आणि गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्याआधी निकामी झालेल्या बैलाचे बाजारात काही ना काही पैसे होत. त्या पैशांत भर घालून शेतकरी नवे खोंड घेई. ही रक्कम गेली किंवा फार घटली. कायद्याच्या बाजूने एक युक्तिवाद असा करता येतो की, मोडीची किंमत संपली की माणूस वस्तू जपून वापरेल. ट्रॅक्टरच्या बाबतीत तो बहुधा खराही ठरेल. इथे मात्र उलटेही होऊ शकते. निकामी बैल पोसणे हा निव्वळ खर्च असल्यामुळे तो निकामी होईपर्यंत त्याच्याकडून शक्य तेवढे काम काढून घ्यायचे आणि मग त्याला मोकाट सोडायचे. कायदा करणाऱ्यांनी बैलाचा जीव वाचवला, पण त्याच्या उरलेल्या आयुष्याचा खर्च कोणी करायचा हे कुठेच लिहिले नाही. मला ही त्या कायद्यातली गंभीर उणीव वाटते. बंदीच्या बाजूने असलेल्यांनी तर ती सगळ्यांत आधी दूर करायला हवी.

लम्पीच्या साथीत, २०२२ साली, सरकारने मेलेल्या बैलामागे २५ हजार रुपये मदत दिली. रोगाने मेला तर मदत आहे. कामाने झिजला तर काही नाही.

रांग म्हणजे कारखान्याचे गोदाम

शेतकी अधिकाऱ्याने पहिल्यांदा मुकादमाला बोलावले. मुकादमाचे म्हणणे सरळ होते, “साहेब, गाड्या जास्त भरत्यात हे खरं हाय. पण दिवसाला एकच खेप हुती. एका खेपंत नाय भरायचं तर कवा भरायचं?”

या उत्तरात प्रकरणाची किल्ली आहे, आणि अधिकाऱ्याला ती लगेच दिसली हे त्याचे मोठेपण. फड कारखान्यापासून सहा-सात किलोमीटर. गाडी दुपारी निघते, संध्याकाळी गाडीतळावर पोचते आणि मग नंबर लागायला आठ-नऊ तास. रांग दर अर्ध्या तासाला चार गाड्या पुढे सरकते, म्हणून बैल सोडता येत नाहीत. सोडून बांधले आणि नंबर आला, तर मागचा पुढे घुसतो. म्हणून भरलेल्या गाडीचे जू मानेवर घेऊन जोडी रात्रभर उभी. थंडीत, चाऱ्याशिवाय. गाडीला टेकू देता येतो, पण रांग सरकली की तो काढायचा, पुन्हा लावायचा, मग चार-सहा वेळा झाल्यावर माणूस कंटाळतो किंवा झोपतो.

कारखान्याला रांग का लागते? गव्हाणीत, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकायच्या जागेत, ऊस कमी पडला की गाळप थांबते. त्याला सगळीकडे ‘नो केन’ म्हणतात आणि ते दोन शब्द कार्यकारी संचालकाला ऐकवत नाहीत. बॉयलर तापलेला, माणसे पाळीवर, प्रत्येक तासाचा खर्च चालू. ते टाळायला तळावर नेहमी काही तासांचा ऊस शिल्लक ठेवायचा. कुठलाही कारखानदार कच्च्या मालाचा साठा ठेवतो आणि त्या साठ्याला गोदाम बांधतो, त्याचे भाडे, विमा, व्याज मोजतो. इथे गोदाम बांधावे लागले नाही. साठा बैलाच्या मानेवर उभा आहे.

एकदा हे लक्षात आले की बाकीचे आपोआप उलगडते. रांग लांब म्हणून खेप एक. खेप एक म्हणून भार जास्त. भार जास्त म्हणून खांदा फुटतो. खांदा फुटला की बैल हळू चालतो, पोचायला उशीर, नंबर आणखी मागे. आसूड आणि पराणी यातूनच येतात. गाडीवानाला भूतदयेवर व्याख्यान देऊन यातली एकही कडी तुटणार नाही.

आणि रांगेचा तोटा एकट्या बैलालाच होतो असेही नाही. तोडलेला ऊस उभा राहिला की वजन घटते, ते शेतकऱ्याचे आणि गाडीवानाचे जाते. उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, म्हणजे उतारा, घसरतो, तो कारखान्याचा जातो. हे नुकसान कारखाना वर्षानुवर्षे सोसतो, कारण ते मिनिटागणिक डोळ्यांसमोर दिसत नाही आणि ‘नो केन’ दिसते.

कायदा आणि काट्याची पावती

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याच्या कलम ११ प्रमाणे जनावरावर जादा भार लादणे आणि जखमी, आजारी जनावराला कामाला लावणे हे दोन्ही गुन्हे आहेत. गुन्हा पहिल्यांदा केला असेल तर दंड १० ते ५० रुपये. हा दंड गेल्या साठ-पासष्ट वर्षांत वाढलेला नाही. एका चहा-नाश्त्याच्या पैशांत गुन्हा मिटतो.

त्याच कायद्याखाली १९६५ साली ओढकाम आणि ओझ्याच्या जनावरांसाठी नियम झाले. ते वाचण्यासारखे आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, तापमान ३७ अंशांच्या वर गेले तर दुपारी बारा ते तीन गाडीला जुंपायचे नाही. टोचणाऱ्या अणकुचीदार काठीला मनाई. भाराचे कोष्टकही आहे. मोठ्यात मोठ्या गटातला बैल धरला तर दोन चाकी गाडीला हवेचे टायर असल्यास एका बैलामागे १,३५० किलो, म्हणजे जोडीला २,७०० किलो. बॉल बेअरिंगच्या गाडीला हाच आकडा १,८०० आहे, जोडीला ३,६००. कारखान्याच्या अभियंत्याने दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवले, कारण आपल्या गाड्यांना टायरही आहेत आणि बेअरिंगही. कागदावर त्याचा मुद्दा निभावून जाईल. पण ते कोष्टक रस्त्यावरच्या गाडीचे आहे. ओल्या फडातून निघणाऱ्या, रात्रभर जू न उतरणाऱ्या बैलाला ते लावायचे तर कमी आकडाच धरायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. रांगेत जू मानेवर घेऊन उभे राहण्याचे तास कामात धरले तर नऊ तासांचा नियम या तळावर रोज मोडतो.

जादा भाराचा संशय आल्यास पोलिसाने गाडी वजनकाट्यावर न्यायला लावावी, अशी तरतूद त्या नियमांत आहे. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शहरातला मालधक्का असावा. इथे पोलिसाला कष्ट घ्यायची गरजच नाही. प्रत्येक गाडी काट्यावरून जाते, भरलेले आणि रिकामे वजन संगणकात नोंदले जाते, पावती निघते. अधिकाऱ्याने डिसेंबरच्या पावत्या काढून पाहिल्या तेव्हा ३,९०० किलोच्या खेपाही सापडल्या. कोणत्या गाडीने, कोणत्या तारखेला, किती जादा भार वाहिला याचा पुरावा कारखान्याने स्वतःच, स्वतःच्या खर्चाने, रोज तयार करून ठेवला आहे. कायदा जादा भार लादणाऱ्याबरोबर लादायला लावणाऱ्यालाही दोषी धरतो. ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हे उत्तर काटा असलेल्या कारखान्याला कधीच देता येणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या नागराजा निकालात प्राण्यांच्या पाच मुक्तता, म्हणजे भूक-तहान, अस्वस्थता, वेदना-इजा-रोग, भीती आणि नैसर्गिक वागणुकीवरची बंधने यांपासूनची मोकळीक, कायद्याच्या कलमांत वाचून दाखवली. तो निकाल जलिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींचा. पुढे महाराष्ट्राने २०१७ साली शर्यतींसाठी दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती उचलून धरली. शर्यतीच्या बैलासाठी एवढा खल झाला. शर्यत काही सेकंदांत संपते. उसाच्या गाडीचा बैल पाच महिने जुंपलेला असतो, आणि त्याच्यासाठी विधिमंडळात कोणी घसा कोरडा केल्याचे आठवत नाही. दोन्ही बैल एकाच कायद्याखाली येतात.

पहिला शेरा आणि त्याचे परिणाम

अधिकाऱ्याने सुरुवातीला जे केले ते बहुतेक चांगल्या मनाच्या अधिकाऱ्यांनी केले असते. ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयला आणि तळावरच्या पहारेकऱ्याला लेखी आदेश दिला, जखमी खांद्याचा बैल दिसला तर गाडी आत घेऊ नये.

आठवड्यात काय झाले? तळावर जखमा दिसेनाशा झाल्या. खांद्यावर गोणपाट बांधून, हळद आणि राख थापून गाड्या येऊ लागल्या, त्याही रात्री, अंधारात. पशुवैद्यकाकडे औषधाला येणारे गाडीवान थांबले, कारण औषध घेतले म्हणजे जखम कबूल केली. दोन गाड्या परत पाठवल्या गेल्या, त्यांचा ऊस दुसऱ्याच्या बैलांनी आणला, म्हणजे त्या जोड्यांवर दोन खेपांचा भार पडला. आदेशाचा हेतू चांगला आणि फळ उलटे. दंड ज्याच्यावर बसवला त्याच्या हातात दुरुस्तीची एकही गोष्ट नव्हती. तो रांग कमी करू शकत नव्हता, दर वाढवू शकत नव्हता, उचल लांबवू शकत नव्हता. तो फक्त लपवू शकत होता, म्हणून त्याने लपवले.

या टप्प्यावर संचालक मंडळातल्या एकाने तो प्रश्न विचारला जो अशा वेळी हमखास येतो. माणसांचे हाल कुत्रं खात नाही आणि तुम्ही बैलाचं काय घेऊन बसलात? प्रश्न खोटा नाही. कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, राहणारी मुले, शाळा सुटलेली, पहाटे तीनला उठणाऱ्या बायका, सगळे समोर आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ साली गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या चार दिवसांचा खाडा नको म्हणून अवयवच काढून टाकायचा, इथवर बायांना नेणारे गणित आणि फुटल्या खांद्यावर जू ठेवायला लावणारे गणित एकच आहे. दुखणाऱ्या शरीराला सुट्टी नाही. मजुरी टनावर आहे आणि खाड्याला दंड आहे. म्हणून माणूस आधी की बैल आधी, हा सामना लावणेच मला चुकीचे वाटते. एकाच करारातले हे दोन जीव आहेत आणि करार बदलला तर दोघांनाही उसंत मिळते.

तरीही एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. बाई निदान बोलू शकते, संघटना करू शकते, संप झाला तर दर वाढतो. कोयता बंद आंदोलनाने दर वाढल्याचा अनुभव आहे. बैलाच्या वाट्याला वाटाघाटीची जागाच नाही. गाडीवानाचे नुकसान भरून दिले आणि बैल मात्र दुखऱ्या खांद्यानेच चालत राहिला, तर पैशांचा हिशेब मिटेल आणि अन्याय तसाच राहील. बैलाचे दुखणे त्याची बाजारातली किंमत घटते म्हणून वाईट नाही. ते त्याला दुखते म्हणून वाईट आहे. व्यवसायाच्या वर्गात हे वाक्य लाजत म्हणायची गरज नाही.

काय करता आले

अधिकाऱ्याने आदेश मागे घेतला आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून टोकन सुरू केले. गाडी तळावर आली की काट्यापाशी क्रमांक मिळणार, तो कोणी हिसकावू शकणार नाही. बैल लगेच सोडायचे, गाडी टेकूवर ठेवायची, क्रमांक जवळ आला की भोंग्यावरून पुकारा. तळाच्या एका अंगाला पाण्याचा हौद आणि बैल बांधायला दावण. खर्च जवळजवळ शून्य. रात्रभर जू मानेवर ठेवणे थांबले, आणि आठवडाभरात ज्यांच्या खांद्यांना नुसती सूज होती त्यांची सूज बसली. दुसरा बदल असा की गाडी सेंटरचा ऊस आणि ट्रॅक्टरचा ऊस यांच्या वेळा वेगळ्या केल्या. रात्रीचा साठा ट्रॅक्टर-ट्रॉलीवर ठेवायचा, कारण ट्रॉली उभी राहिली तर तिला भूक लागत नाही. बैलगाड्या दिवसा घ्यायच्या. यामुळे जवळच्या फडांना दोन खेपा करता येऊ लागल्या.

त्यानंतरच भाराची मर्यादा घातली, २,७०० किलो. क्रम महत्त्वाचा आहे. एकच खेप होत असताना ही मर्यादा घातली असती तर ३.४ टनांच्या गाडीचे रोज ०.७ टन, म्हणजे तोडणीचेच २५६ रुपये बुडाले असते आणि गाडीवानांनी काम बंद केले असते. लांबच्या फडांवर दोन खेपा तेव्हाही होत नव्हत्या. तिथे मर्यादेचा भुर्दंड गाडीवानावरच बसला आणि हा प्रश्न त्या हंगामात सुटला नाही.

विश्रांतीचा खर्च उरला. कारखाना पाच लाख टन गाळतो आणि त्यातला एक लाख टन ऊस बैलगाडीने येतो असे धरा. गाडीमागे हंगामात ४०० टन, म्हणजे अडीचशे गाड्या. दहातल्या एका गाडीला पंधरा दिवस थांबावे लागले तर ३७५ गाडीदिवस. प्रत्येक दिवसाला तोडणीची निम्मी मजुरी, ६२२ रुपये, दिली तर खर्च सव्वादोन-अडीच लाख. तेवढ्याच रकमेत एका पशुवैद्यकाचे हंगामापुरते मानधन आणि औषधे धरा. एकूण पाच लाख. पाच लाख टनांवर वाटले तर टनाला एक रुपया. बैलगाडीच्याच उसावर टाकले तर पाच रुपये. २०२४-२५ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत (एफआरपी) टनाला ३,४०० रुपये होती. पाच रुपये म्हणजे तिच्या हजाराला दीड रुपया.

रक्कम किरकोळ आहे, पण कोणाच्या खिशातून यायची हा वाद किरकोळ नाही. महाराष्ट्रात तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून वजा होतो. म्हणजे कारखान्याने हा रुपया तोडणी-वाहतुकीत दाखवला की तो ऊस उत्पादकाच्या बिलातून जाणार, आणि कारखाना कागदोपत्री दयाळू ठरणार. माझे मत असे की रांग ही कारखान्याची सोय आहे, म्हणून तिच्यामुळे होणाऱ्या जखमांचा खर्च गाळप खर्चात पडला पाहिजे, तोडणी-वाहतुकीत नव्हे. टनामागे आकारणी ही काही नवी गोष्ट नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनाला १० रुपये ठरवलेले आहेतच.

यंत्राचे काय? सांगली-सोलापूर भागात ॲनिमल राहत ही संस्था कारखान्यांवरच्या बैलांवर उपचार करते आणि त्यांच्या जागी छोटे ट्रॅक्टर यावेत म्हणून प्रयत्न करते. इस्लामपूरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी २०२२ साली जुवाखाली फिरते चाक बसवून मानेवरचा भार उतरवणारे साधन केले, त्याचीही चर्चा झाली. रस्त्यावर ते चाक उपयोगी पडेल, ओल्या फडात रुतेल की काय हे करून पाहायला हवे. छोटा ट्रॅक्टर हा शेवटचा रस्ता आहे याबद्दल मला शंका नाही. फक्त तो कोणाच्या नावावर येतो ते पाहावे लागेल. मुकादमाच्या नावावर आला तर बैल सुटेल आणि गाडीवान वाहतुकीचे पैसे गमावून डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या डोकी सेंटरवर जाईल. गाडीवानांच्या गटाला कारखान्याच्या हमीवर कर्ज मिळाले तर दोघेही सुटतील.

प्रकरणातल्या डाव्या बैलाचे पुढे काय झाले, हे विद्यार्थी नेहमी विचारतात. त्या हंगामात विश्रांतीचा निधी नव्हता. गाडीवानाने चार दिवस त्याला बांधून ठेवले, पाचव्या दिवशी जू बदलून, खाली कापडाची जाड गादी घालून पुन्हा जुंपले. जखम भरली, पण गाठ राहिली. उन्हाळ्यात बाजारात गिऱ्हाइकाने गाठीवर हात ठेवून किंमत पाडली.

अधिकाऱ्याने पुढच्या सर्वसाधारण सभेसाठी तीन ओळींचा ठराव तयार केला आहे. बैलगाडीचा भार २,७०० किलोपर्यंत आणि त्यापुढच्या वजनाची पावती काट्यावर निघणार नाही. पशुवैद्यकाच्या दाखल्यावर थांबलेल्या गाडीला खाडा नाही, निम्मी मजुरी मिळेल. हा खर्च गाळप खर्चात धरला जाईल, एफआरपीतून वजा होणार नाही. अडचण एवढीच की सर्वसाधारण सभा सप्टेंबरात होते आणि मुकादमांचे करार पावसाळ्याच्या तोंडालाच सुरू होतात. करारात ही कलमे आधी आली नाहीत तर सभेने ठराव मंजूर करूनही तो आणखी एक हंगाम कागदावर राहील. म्हणून ठराव सभेची वाट न पाहता संचालक मंडळाच्या मे महिन्याच्या बैठकीत घ्यावा, असे त्याने टिपणीत लिहिले आहे. अध्यक्षांची सही अजून व्हायची आहे.